पेपरवर ठेवलेले वजन

मी एक जुने वजन आहे. दोन किलोचे, लोखंडी, सहा कोनांचे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे वजन हातात धरलेले नसेल. आता दुकानात लाल आकडे दाखवणारे काटे असतात. पूर्वी तराजू असे. एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात तांदूळ. दोन्ही पारडी समोरासमोर आली की गिऱ्हाईक मान हलवायचे आणि पिशवी पुढे करायचे.

मला वाचता येत नाही. कानावर जे पडले तेवढेच सांगते.

माझा जन्म घाटावरच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते थंड झाले आणि मी झाले. सुरुवातीला मी पुरते दोन किलोचे नव्हते. माझ्या पोटाखाली एक भोक ठेवलेले होते. त्यात थोडे थोडे शिसे भरत गेले आणि मी बरोबर दोन किलो झाले, तेव्हा सरकारी माणसाने त्या शिशावर शिक्का मारला. हा शिक्का कायमचा नसतो. दर दोन वर्षांनी वजनकाट्याचे साहेब येत. सगळे दुकानदार आपापली वजने घेऊन रांगेत बसत. साहेबांकडे मखमलीच्या पेटीत एक पितळी वजन होते. त्याच्यासमोर मला बसवत. झिजून मी हलके झाले असेन तर आणखी शिसे घालत आणि नवा शिक्का मारत. मला त्याची लाज कधी वाटली नाही. आपण झिजतो, हे कुणीतरी वेळेवर सांगितलेले बरे.

मला सुंदराने घेतले. चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून आत वळणाऱ्या गल्लीत, तिने घराच्या ओटीवर किराणा दुकान घातले होते. तिचा नवरा भिवाजी रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जात असे. त्यांचा मुलगा जितेश तेव्हा लहान होता. सुंदरा शिकलेली नव्हती, पण तराजू तिच्या हातात कधी थरथरला नाही. पारडी बरोबर झाल्यावरही ती आणखी चिमूटभर तांदूळ टाकायची. "वजन लोखंडाचं हाय, खाणारं माणूस हाय," असे म्हणायची. तिचा तळहात मला पाठ होता. सकाळी चुलीजवळून आलेला, गरम, जरासा ओला.

भिवाजीला पेपरचे वेड होते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण पहिल्या पानाकडे बघायचा नाही. सरळ आतले पान उघडायचा, अग्रलेखाचे. आमच्या गल्लीत रस्त्यावरच्या ट्रकांचा वारा येई आणि पान उडे. म्हणून तो मला उचलून पानावर ठेवी. मग चष्मा लावून मोठ्याने वाची. ऐकायला शेजारचा मालोजी येई. तो भिवाजीच्याच वयाचा, भाताची दोन खाचरे असलेला. गॅरेजात काम करणारा कमळ्याही चहा पिता पिता पायरीवर टेकायचा. आमच्या गल्लीला जग कळायचे ते असे.

मध्येच कुणी दोन किलो साखर मागायला आले, की सुंदरा आतून ओरडायची, "अवो, जरा देश उचला. गिऱ्हाईक उभं हाय."

"थांब गं, अमेरिका संपू दे."

"अमेरिका काय पळून नाय जात. हिची साखर राहील."

मग मी पेपरवरून पारड्यात आणि पारड्यातून पुन्हा पेपरवर जायचे. ते माझे चांगले दिवस होते.

पेपरात परदेशाबद्दल लिहिण्याची एक रीत होती, ती माझ्या कानाला सवयीची झाली. देशाबद्दल लिहिताना तो एकच माणूस असल्यासारखे लिहीत. अमुक देशाला आता घाम फुटला आहे. तमुक देशाने डोळे वटारले आहेत. काठमांडूला हे उशिरा कळेल. ऐकणाऱ्यांनाही तसेच वाटे. मालोजी विचारायचा, "मग त्यो काय म्हणला त्यावर?" जणू तो देश पलीकडच्या गल्लीत राहतो आणि दोघांचे बांधावरून भांडण लागले आहे.

खरे म्हणजे अशाच एका देशातली, नेपाळातली, एक बाई पलीकडच्या गल्लीतच राहायला आली होती. तिचे नाव धनमाया. मुंबईच्या एका शेठने गावाच्या कडेला फार्महाऊस बांधले आणि राखणीला नेपाळी जोडपे ठेवले. नवरा टेकबहादूर बाग बघायचा, धनमाया घर झाडायची. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिने तांदळाच्या पोत्याकडे बोट केले. कमळ्या हसला. सुंदरा हसली नाही. तिने मला पारड्यात ठेवता ठेवता विचारले, "तुमच्याकडं तांदूळ कशानं मोजतात गं?"

धनमायाला शब्द कळले नाहीत, पण सुंदराचा हात पारड्यावर होता, त्यावरून प्रश्न कळला. तिने दोन्ही हातांनी एका भांड्याचा आकार दाखवला आणि म्हणाली, "माना." मग आठ बोटे वर केली. "पाथी." आठ माने म्हणजे एक पाथी. सुंदराने आत जाऊन सासूची जुनी अधोली काढून आणली. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, असे बोटांवर दाखवले. त्या दिवशी दोघी बराच वेळ बोटेच दाखवत बसल्या. पुढे मराठी आली, पण मैत्री त्या आधीच झाली होती.

धनमाया सुंदराला दीदी म्हणायची आणि भिवाजीला दाजू. दाजू म्हणजे थोरला भाऊ. भिवाजीला ते आवडायचे. मालोजीला मुद्दाम सांगायचा, "बघ, मला दाजू म्हणते."

थंडीत बागेतला मुळा निघाला की धनमाया त्याचा पाला सुकवून डब्यात दाबून आंबवायची. त्याला त्यांच्याकडे गुंद्रुक म्हणतात. एकदा तिने मला मागितले, पाल्यावर ठेवायला. मी दहा दिवस तिच्या डब्यावर बसून राहिले. इकडे भिवाजीचा पेपर उडू लागला.

"अगं, तुमी दोघींनी पाला दाबलाय, आणि माझं पान गटारात गेलं!"

"जाऊ दे. त्यात तरी काय चांगलं लिवलेलं असतं?" सुंदरा म्हणाली. पण गुंद्रुकाचे सार आले तेव्हा भिवाजीने दोन वाट्या घेतल्या.

भिवाजी निवृत्त झाला आणि पेपर रोजचा झाला. मग नेपाळात मोठा भूकंप झाला. त्या आठवड्यात अग्रलेखात त्या देशाबद्दल फार मायेने लिहून आले. धाकटा भाऊ म्हटले होते. सुखदुःखाचा सोबती म्हटले होते.  भिवाजीने पेपरची घडी घातली, पाच किलो तांदूळ मोजून घेतले आणि स्वतः फार्महाऊसवर गेला. धनमायाच्या माहेरचे घर पडले होते. तो तिच्या दारात बसून राहिला. मित्रांनो, भिवाजी वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. पण त्या दिवशीही त्याला तिच्या दारात पेपरनेच नेले होते, हे तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर लिहिण्याची तऱ्हा हळूहळू बदलली. धाकटा भाऊ रुसला आहे. धाकटा भाऊ दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो आहे. त्याला खाल्ल्या मिठाची आठवण करून दिली पाहिजे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा असे येई. एका दिवसात काही फरक पडत नाही. मी झिजले तेही एका दिवसात नाही. पण मला तपासायला साहेब येत होते. भिवाजीच्या मनात जे भरत होते ते तपासायला कुणी येत नव्हते. तो धनमायाशी बोलायचा, पण पूर्वीसारखा नाही. "काय गं, तुमचं सरकार लई उड्या मारतंय," असे हसत हसत म्हणायचा. तीही हसायची. सुंदरा हसायची नाही.

याच काळात जितेश नोकरीला लागला आणि त्याने दुकानात आकड्यांचा काटा आणला. माझी भावंडे, एक किलोचे, अर्ध्या किलोचे, सगळी भंगारात गेली. मी पेपरच्या कामाचे म्हणून राहिले. त्यानंतर मला कुणी शिक्का मारून आणला नाही. तराजू माळ्यावर गेला. मी दिवसभर फक्त अग्रलेखावर बसून राहू लागले.

मग ते टाळेबंदीचे वर्ष आले. जूनच्या सुरुवातीला चक्रीवादळ झाले, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. चौक गावात दिवसच्या दिवस वीज नव्हती. आकड्यांच्या काट्याची बॅटरी संपली. सुंदराने माळ्यावरून तराजू काढला, पुसला आणि आढ्याच्या हुकाला अडकवला. वजन म्हणायला मी एकटेच उरले होते. म्हणून त्या दिवसांत लोक दोन दोन किलोच माल नेत होते. मला बरे वाटले. पुष्कळ वर्षांनी मी पारड्यात बसत होते.

त्याच सुमारास नेपाळने नवा नकाशा काढल्याच्या बातम्या आल्या. आपला म्हणून जो भाग आपण दाखवतो तो त्यांनी त्यांच्यात दाखवला होता. बंद असलेला पेपर नुकताच पुन्हा घरी येऊ लागला होता. त्या सकाळी भिवाजीने पान उघडले, मला त्यावर ठेवले आणि वाचायला लागला. मालोजी आणि कमळ्या तोंडाला रुमाल बांधून लांब लांब बसले होते. एवढा रागाचा अग्रलेख मी त्याआधी ऐकला नव्हता. कृतघ्न, असा शब्द होता. घरात घेतलेल्याने घराच्याच भिंतीला हात घातला, असे वाक्य होते. भिवाजीने ते दोनदा वाचले.

तेवढ्यात धनमाया आली. हातात कापडी पिशवी होती.

"दीदी, तांदूळ. दोन किलो."

सुंदराने पारड्यात तांदूळ ओतले आणि हात पुढे केला. "अवो, वजन द्या इकडं."

भिवाजीने माझ्यावर तळहात ठेवला. मला वाटले, उचलतो आहे. त्याने दाबून धरले.

"थांब. आदी तिला इचारू दे. काय गं, नकाशा काढलाय म्हणं तुमी. आमची जमीन तुमच्यात घातली."

धनमाया गोंधळली. "मी नकाशा बघितला नाय, दाजू."

"काका, तिला नकाशा कशाला दाखवतील?" कमळ्या म्हणाला. "पण एक सांगतो, उद्या ही आपली गल्लीपन त्यांच्यात घालंल."

मालोजी हसला. भिवाजीला चेव आला. "सांग, त्यो भाग कुणाचा? आमचा म्हण, आणि तांदूळ घेऊन जा."

"दाजू, मला कुठला भाग ते माहीत नाय. आमचं गाव लांब हाय तिथून."

"म्हण की. एवढं बोलायला काय जातंय?"

 एका पारड्यात तांदूळ होते, दुसरे रिकामे होते. तांदळाचे पारडे खाली टेकले होते आणि रिकामे वर लोंबत होते. सुंदराचा हात अजून पुढे केलेलाच होता.

"अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "द्या ते."

त्याने दिले नाही.

धनमायाने पिशवीची घडी घातली. चार घड्या घातल्या, नीट, जशी ती नेहमी घालायची. आणि गेली. भिवाजीने राहिलेला अग्रलेख वाचलाच नाही. ऐकणारेही उठले. त्या पानावर माझ्याखाली काही ओळी झाकलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

सुंदराने पारड्यातले तांदूळ न मोजता पिशवीत ओतले, वर आणखी दोन ओंजळी घातल्या आणि तशीच फार्महाऊसवर गेली. अर्ध्या तासाने पिशवी घेऊन परत आली.

"घेतले नाय तिनं," एवढेच म्हणाली. पिशवी पोत्यात उलटी केली.

त्या दिवसापासून सुंदराने भिवाजीकडे मला मागितले नाही. वीज येईपर्यंत ती सासूच्या अधोलीने मापून माल देत राहिली. आणि तो पेपर वाचायला लागला की ती उठून आत जायची. भांडली नाही. अबोला धरला नाही. जेवण वेळेवर वाढत होती. फक्त 'देश उचला' असे म्हणायची थांबली. भिवाजीच्या ते लक्षात आले होते. वाचता वाचता त्याची नजर आतल्या दाराकडे जायची. पण मी चुकलो, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडले नाहीत.

पुढे शेठने ते फार्महाऊस विकले. धनमाया आणि टेकबहादूर कर्जतजवळ, दहिवलीच्या पुढे, दुसऱ्या एका बंगल्यावर गेले. सुंदराच्या मोबाईलमध्ये जितेशने धनमायाचा नंबर घालून दिला होता. सुंदराला अक्षर ओळखू येत नव्हते, म्हणून नावाच्या जागी मुळ्याचे चित्र ठेवले होते. दोघी महिन्यातून एकदा बोलायच्या. मुळा दिसला की सुंदरा फोन घेऊन मागच्या पडवीत जायची.

दोन वर्षे अशी गेली. मग एका सकाळी सुंदरा दळण चाळताना एका बाजूला कलंडली. अर्धांगवायू होता. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. पनवेलच्या दवाखान्यातून तिला घरी आणले आणि दुकानातच खाट टाकली, म्हणजे रस्ता दिसेल. ती बोलायची ते बाकीच्यांना कळत नसे. भिवाजीला कळे. पस्तीस वर्षांचा संसार होता.

ती रोज एकच मागायची. "धन... धनला... बोलवा."

"बोलवतो," भिवाजी म्हणायचा.

तिचा मोबाईल तो पेपरवर माझ्या शेजारी ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात तो वाजला. पडद्यावर मुळा होता. खाटेवर सुंदराचा डोळा लागला होता. भिवाजीने फोन हातात घेतला.  काय बोलणार होता? तांदूळ अडवले त्याबद्दल काय सांगणार होता? फोन वाजून वाजून थांबला. त्याने तो उलटा करून ठेवला.

दोन दिवसांनी परत वाजला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी सुंदरा जागी होती. तिने मान वळवली.

"कोन?"

"कंपनीचा हाय, रिचार्ज कर म्हणून," भिवाजी म्हणाला.

"धनला...?"

"लावला गं. लागत नाय तिचा फोन."

सुंदराने त्याच्याकडे बघितले. तिला खरे काय ते कळले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानंतर तिने मागितले नाही. फोनही परत वाजला नाही. पौषात एका दुपारी सुंदरा गेली. भिवाजी तेव्हा तिला पाणी पाजत होता. चमचा तिच्या ओठाशी होता.

मित्रांनो, घरातले माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचे काय होते, ते आम्हा वस्तूंना चांगले माहीत असते. कुणी रडत नाही आमच्यासाठी, आणि आम्हाला रडता येत नाही. मी गल्ल्यावर होते. सकाळ झाली तरी गरम हात येत नव्हता. भिवाजी पेपर घ्यायचा आणि न उघडता बाजूला ठेवायचा. वाचायचे तरी आता उठून आत जाणारे कुणी नव्हते. आतले दार तसेच उघडे असायचे.

तेरावे झाले. जितेश म्हणाला, "आप्पा, आता दुकान नको. फळ्या काढून टाकू." भिवाजीने मान हलवली. बापलेक एकेक डबा उतरवू लागले. सुंदरा फळ्यांवर जुने पेपर अंथरायची. तूरडाळीच्या डब्याखालून एक पान निघाले. त्यावर गंजाची सहा कोनांची खूण होती. ती माझी होती. वादळाच्या दमट दिवसांत मी त्या पानावर बसून गंजले होते.

भिवाजी ते पान घेऊन पायरीवर बसला. पूर्वी वाचायचा तसेच मोठ्याने वाचू लागला. ऐकायला मी एकटेच. कृतघ्न आले. घराची भिंत आली. मग तो माझ्या खुणेपाशी पोचला. त्या दिवशी जे झाकलेले राहिले होते, ते त्याने गंजातून अक्षर अक्षर लावून वाचले. शेवटच्या तीन ओळी होत्या. हा वाद दोन सरकारांचा आहे, असे त्यात होते. पोटासाठी आपल्या गावात येऊन राहिलेल्या साध्या माणसांचा त्यात काही दोष नाही, असे होते.

"आप्पा, काय झालं?" जितेश आतून म्हणाला.

"काय नाय रं. राहिलं होतं वाचायचं."

मी पुष्कळ दिवस याचा विचार केला आहे. त्या लेखात वर साठ ओळी रागाच्या होत्या आणि खाली तीन ओळी समजुतीच्या. मी तराजूवरचे आहे, मला एवढे कळते की ती पारडी बरोबर होणारी नव्हती. लिहिणाऱ्याला ते कळायला हवे होते. पण तीन ओळी होत्या हेही खरे. त्यांच्यावर मी होते, आणि माझ्यावर भिवाजीचा हात होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि ते पान एका पिशवीत घातले आणि कर्जतच्या रिक्षात बसला. दहिवलीच्या पुढे उतरून विचारत विचारत बंगला शोधला. फाटकाशी कुत्रा भुंकला. धनमाया दोरीवर मुळ्याचा पाला वाळत घालत होती. तिने वळून बघितले.

"कोण?" म्हणाली. मग ओळखले. दाजू म्हणाली नाही.

"सुंदरा गेली," भिवाजी म्हणाला.

तिच्या हातातला पाला खाली पडला. "कधी?"

"पौषात. आदी दोन महिने पडून होती. वारं गेलं होतं अंगावरनं." त्याने पिशवी खाली ठेवली. "पडली तवा रोज तुझं नाव घेत होती."

धनमाया फाटकाची सळई धरून उभी राहिली. "मी फोन केला होता. तीन वेळा."

"वाजत होता. माझ्या हातात वाजत होता." भिवाजीने मान खाली घातली. "मी उचलला नाय. तिला सांगितलं, लागत नाय."

  मग धनमाया म्हणाली, "मला वाटलं, दीदीनं पण पेपर ऐकला."

भिवाजीने पिशवीतून ते पान काढले. "नाय गं. ती कदीच ऐकत नव्हती. उठून जायची. आणि ह्यात बघ, शेवटी लिवलंय, तुमचा काय दोष नाय म्हणून. मी वाचलंच नव्हतं. ऐक, वाचून दाखवतो."

"नको," ती म्हणाली. "ते नका वाचू."

त्याने पान परत ठेवले आणि मला बाहेर काढले. फाटकाच्या खांबावर ठेवले.

"हे कशाला?"

"त्या दिवशी दिलं नाय."

तिने मला हात लावला नाही. आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तो पाणी प्यायला. जायला निघाला, दोन पावले गेला आणि परत वळला. चाळीस वर्षे अग्रलेख वाचणाऱ्या माणसाने तिला एवढेच विचारले, "धनमाया, तुमच्याकडं तांदूळ कशानं मोजतात?"



"दीदीला माहीत होतं," ती म्हणाली आणि पाला वेचायला खाली वाकली.

मी त्या खांबावर पुष्कळ दिवस होते. ऊन खाल्ले, दव खाल्ले. वर्षभराने थंडीत मुळा निघाला तेव्हा धनमायाने मला उचलले, चिंचेने घासले आणि गुंद्रुकाच्या डब्यावर ठेवले. आता मी तिथे असते. तिचा हात सुंदरासारखाच गरम आहे. आंबट पाण्याने मी गंजते आहे, पोटाखालचे शिसे सैल झाले आहे आणि शिक्का कधीच पुसून गेला आहे. मी आता पुरते दोन किलोचे नाही. कुणी मला पारड्यात बसवू नये.

भिवाजी त्यानंतर एकदा आला होता. फाटकाबाहेर मुळ्याची एक जुडी ठेवून गेला. हाक मारली नाही. धनमायाने ती जुडी उशिराने आत आणली. पाला निवडताना तिने दोनदा डोळे पुसले, पण ते कुणासाठी, ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वजने आता तुम्हाला लागणार नाहीत. पेपर मात्र तुम्ही वाचणार आहात. वाचा. अग्रलेख वाचा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एका देशातली सगळी माणसे एका 'तो' मध्ये गुंडाळलेली दिसली, की जरा थांबा. दर दोन वर्षांनी मला एका खऱ्या वजनासमोर बसवत असत, तसे तुम्ही जे वाचले आहे ते त्या देशातल्या एका तरी माणसासमोर ठेवून बघा. तो माणूस फार लांब नसतो. तुमच्या गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी बंगल्याची राखण करत असतो, तुमच्याच दुकानातून तांदूळ नेत असतो. त्याला नकाशाबद्दल विचारू नका. त्याच्या घरी तांदूळ कशाने मोजतात ते विचारा. आणि त्याचा फोन वाजत असेल, तर उचला.